घरीच तर हायेस!

घरून काम करणाऱ्यांसाठी पुण्या-मुंबईच्या सल्लागारांची एक यादी कायम फिरत असते. ठरल्या वेळी उठा, आंघोळ करून ऑफिसचे कपडे चढवा, बसायची जागा वेगळी ठेवा. जालन्यात ही यादी आंघोळीलाच अडते. घाणेवाडीचा तलाव निजामाच्या काळातला, जायकवाडीच्या योजनेलाही दशक उलटलं, २०२३मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. नळ मात्र कित्येक दिवसांनी उगवतो, आणि उगवतो तो मीटिंगच्या वेळी. एका हातात माऊस, दुसऱ्यात पाइप. हिंजवडीचा मॅनेजर ओरडतोय, 'अरे, तू म्यूटवर आहेस!' असू दे बाबा. म्यूट काढला की मोटारीची घरघर आणि 'ड्रम भरला, आता हंडे लाव' हे थेट क्लायंटच्या कानात.

शहराचं हे असं, खेड्याचं त्याहून न्यारं. २०२०च्या मार्चमध्ये लॅपटॉप घेऊन गावी परतलेल्या पोरांची दिनचर्या कंपनीने नाही, शेतीच्या लाइटने ठरवली. थ्री-फेज या आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री. दिवसा असली तर मोसंबीला पाणी आणि मीटिंग एकाच वेळी. रात्री असली तर दिवसभर कोड लिहायचा आणि मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावर जायचं. वर आजीची शंका : 'दिसभर नुसता बसून ऱ्हातो, पगार कशाचा देत्यात याला?'

आणि बसलेला माणूस म्हणजे रिकामा माणूस, यावर अंबडपासून भोकरदनपर्यंत एकमत आहे. 'घरीच तर हायेस, जरा दळण आण.' 'घरीच तर हायेस, पाहुण्यांना स्टँडवर सोड.' सुट्टी घेऊन गावी आलेल्याला मात्र कुणी हलू देत नाही. तो दमून आलेला असतो.

शिस्तीच्या बाबतीत या जिल्ह्याचा हात धरणारा कोण? समर्थ रामदास, म्हणजे मूळचे नारायण, १६०८चे, जांबचे. टाकळीला बारा वर्षं रोज बाराशे सूर्यनमस्कार घातले, असं सांगतात. पण टाकळी नाशिकजवळ! दासबोध सांगितला तो शिवथरघळीत. शिष्य कल्याणस्वामींनी उतरवून घेतला, ही संप्रदायाची परंपरा. जांबच्या घरी ओसरीवर सांगायला बसले असते, तर दुसऱ्या समासालाच आतून हाक आली असती : 'नारायणा, बसलाच हायेस तर गुरं पाजून आण. आणि त्या कल्याणालाबी ने संगं.'