अण्णामामांची रेंज

पूर्वी विहीर खणायच्या आधी पाणाड्याला बोलवत. तो तळहातावर नारळ घेऊन आवारभर फिरे आणि एके ठिकाणी थांबून म्हणे, "इथं." राजापूर तालुक्यातल्या आमच्या आजोळी हे काम आता अण्णामामांकडे आहे, फक्त नारळाच्या जागी मोबाइल आला. गणपतीला आलेला चाकरमानी बॅग ओटीवर टाकतो आणि चहाच्या आधी विचारतो, "अण्णा, यंदा कुठं?"

यंदा, कारण रेंज जागा बदलते यावर मामांचा ठाम विश्वास आहे. "मे महिन्यात गोठ्यामागं होती. पाऊस लागला, झाडोरा माजला, सरकली. आता विहिरीपाशी. डावा पाय कठड्यावर ठेवायचा आणि मान थोडी खाली." यातलं झाडोऱ्याचं शास्त्राला मान्य आहे, ओली पानं सिग्नल खातात. वाडी खलाटीत, टॉवर वर सड्यावर आणि घराच्या भिंती हातभर जाडीच्या चिऱ्याच्या. मानेचं मात्र कुठल्या पुस्तकात सापडत नाही. पण मान वर केली की फोन कट होतो, हे मी स्वतः पाहिलंय.

मामा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. 31 जुलै 1995 रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. ही तारीख मामांना मुलांच्या वाढदिवसापेक्षा पक्की आठवते. "ते दोघं बिनतारी बोलत होते आणि मी इथं पावसात खांबावर तार जोडत होतो," असं ते म्हणतात. त्या सुरात अजून थोडा राग आहे.

फोनवर ते बोलायला लागले की पहिली दोन मिनिटं मोजणीत जातात. "हॅलो. आता येतंय? आता? थांब, हलू नकोस." हलू नकोस हे अंधेरीत सोफ्यावर बसलेल्या मुलाला. मग कराराचं कलम : "कट झाला तर मी लावीन, तू लावू नकोस." पलीकडूनही तेच ठरतं. मग फोन कट होतो, दोघं एकदम लावतात, दोघांनाही बिझी लागतो आणि दोघं एकमेकांवर चिडतात. मुलाशी बोलताना मामा उत्तरेला तोंड करतात, पुण्याच्या बहिणीशी बोलताना सह्याद्रीकडे. मुलगी दुबईला असते. तिचा फोन आला की समुद्राकडे वळतात आणि असा आवाज लावतात, की फोन नसता तरी तिला ऐकू गेलं असतं.

एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, मामा, त्या दांड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या ते फोन बनवणारा आपापल्या मनानं ठरवतो. खरा आकडा सेटिंगमध्ये असतो : उणे पंच्याऐंशी असेल तर उत्तम, उणे एकशेदहा म्हणजे जेमतेम. मामा विचारात पडले. "उणे पंच्याऐंशी उत्तम? मग शून्य आला तर टॉवर काय कडेवर घ्यायचा?" दुसऱ्या दिवसापासून मात्र ओटीवर रोजचा भाव सांगू लागले. "आज उणे अठ्ठ्याण्णव. काल बरं होतं."

फोनच्या टिकाऊपणाचीही त्यांची स्वतःची कसोटी आहे. गोठ्यातल्या खुंटीला 2003 सालचं नोकिया 1100 मॉडेल अजून टांगलेलं असतं, रात्री म्हशीला वैरण घालताना टॉर्च लागतो म्हणून. त्याच्या की-पॅडमध्ये धूळ जात नाही आणि घामेजल्या हातातून तो सुटत नाही. जगभरात असे पंचवीस कोटींच्या वर विकले गेले. मामांच्या मते फोनचं शास्त्र तिथंच पूर्ण झालं. पुढं झाली ती नुसती कलाकुसर.

तरी व्हिडिओ कॉलसाठी नवा घ्यावा लागला. दुकानातला मुलगा मेगापिक्सेल सांगत होता. मामांनी फोनवर बोटाच्या पेरानं ठकठक केलं, दोन्ही हातांनी थोडा वाकवून पाहिला. मुलगा पांढरा पडला. "पडला तर?" मामांनी विचारलं. त्यानं घाईघाईनं महागातला काढला : "काका, हा आयपी सिक्स्टी एट आहे!" मी समजावलं, सहा म्हणजे धूळ आत जात नाही, आठ म्हणजे मीटरभराहून खोल पाण्यात ठराविक वेळ तग धरतो. पडण्याचा यात संबंध नाही. शिवाय पाणी गेलं तर बहुतेक कंपन्या वॉरंटी देत नाहीत. "म्हणजे बुडायचे पैसे मी भरायचे आणि बुडाला तर तेही माझ्यावरच?" स्वस्तातला घेऊन आम्ही निघालो. त्यावर फ्लिप कव्हर चढलं, कव्हरात आधारची झेरॉक्स, शंभराची नोट आणि विजेचं बिल बसलं आणि पावसाळाभर या सगळ्यावर रबर लावलेली दुधाची पिशवी. मामा पिशवीतूनच बोलत. आवाज घुसमटतो म्हटलं तर म्हणत, "तुझा नाही घुसमटत."

पिशवी काढली आणि दुसऱ्याच आठवड्यात सुपारीला शिंपण करताना फोन पाटात पडला. मामीनं तो पुसून तांदळाच्या निळ्या ड्रममध्ये पुरला. शेजारच्या फोनवरून मी सांगितलं, असं करू नका, तांदळाचे कण आत जातात, खुद्द ॲपलनं आपल्या गिऱ्हाइकांना हे कळवलंय. मामा म्हणाले, "त्यांनी आपला तांदूळ पाहिलेला नाही." मामीचं दुःख वेगळंच होतं : "आणि त्याला म्हशीचा वास येतोय तो?"

तिसऱ्या दिवशी फोन चालू झाला. अजून दमट असेल म्हणून मामांनी तो चालू ठेवूनच पुन्हा तांदळावर ठेवला. भल्या पहाटे ड्रममधून आरती सुरू झाली. दुबईहून फोन होता. आवाज स्वच्छ, दांड्या सगळ्या. ड्रमच्या डोक्यावर स्वयंपाकघराची मागची खिडकी आहे, समोर दोन टेकड्यांमधली फट आणि फटीत तो टॉवर. मामांनी आयुष्यातली एवढी वर्षं आवारात काढली. त्या कोपऱ्यात ते कधी फिरकलेच नव्हते.

मामीनं त्याच दिवशी नियम केला. स्वयंपाकघरात रिकामा माणूस उभा राहणार नाही. शेजारचा भाऊ पेन्शनची चौकशी करता करता लसूण सोलतो, त्याची सून मुंबईशी बोलत तांदूळ निवडते. मामांच्या वाट्याला खवणी आली. परवा ते पाटावर बसून, सवयीनं समुद्राकडे तोंड करून मुलीशी बोलत होते.

"अण्णा, कसली खरखर येतेय? लाइन खराब आहे का?"

"लाइन एक नंबर आहे गो," मामा ओरडले. "नारळ जून निघाला."