पार्ट आला की निघू

आमच्या घरात इंजीन उघडलं की जिना नाहीसा होतो. अडतीस फुटी शिडाच्या बोटीत इंजीन ठेवायला निराळी खोली नसते. ते जिन्याखाली बसवतात आणि जिना हेच त्याचं झाकण. त्यामुळे चीफनी हातात पाना घेतला, की जो आत आहे तो आत आणि जो बाहेर आहे तो बाहेर. मी बहुतेक आत असते, कारण कुकर लावलेला असतो.

चीफ म्हणजे आमचे हे. जन्म गेला मर्चंट नेव्हीत, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या जहाजांवरची इंजिनं तीन-तीन मजली असायची. मीही अधूनमधून बरोबर जायची, तेव्हा सकाळी स्टुअर्ड केबिनमध्ये चहा आणून द्यायचा. निवृत्तीनंतर चीफनी ही वापरलेली बोट घेतली, आणि आता चाळीस घोड्यांच्या इंजिनापुढे पालथे पडून ते पूर्वीपेक्षा सुखी आहेत. स्टुअर्डची जागा रिकामी होती, ती मला मिळाली.

मुक्काम सध्या लास पाल्मासला. ग्रान कनारिया हे बेट स्पेनचं, पण नकाशात बघाल तर स्पेन कुठे आणि हे कुठे! आफ्रिका जवळ, इतकी की पूर्वेचा वारा सुटला की सहाराची धूळ थेट आमच्या वाळत घातलेल्या चादरींवर येते. इथल्या मरीनात हजाराहून जास्त बोटी राहतात. ठाण्याहून नातेवाईक फोन करतात आणि पहिला प्रश्न विचारतात, “काय मग, खिडकीतून समुद्र दिसत असेल ना?” खिडकीतून शेजारच्या जर्मन बोटीवरच्या चड्ड्या दिसतात. समुद्र बघायचा असेल तर धक्क्याच्या भिंतीपलीकडे चालत जावं लागतं.

दिवस सुरू होतो तो खांद्यावर टॉवेल टाकून पाँटूनवरून, म्हणजे तरंगत्या धक्क्यावरून, न्हाणीघराकडे चालत. बोटीवर संडास आहे, पण बंदरात तो शक्यतो वापरायचा नाही हा शिष्टाचार. वाटेत सगळे भेटतात, सगळ्यांच्या हातात साबणाच्या पिशव्या, आणि सगळे आदल्या रात्रीच्या वाऱ्याबद्दल बोलतात. बोटीवरच्या संडासाविषयी मात्र दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण क्रूझिंगच्या रंगीत मासिकांत त्याचा फोटो नसतो. तो हातपंपाचा असतो. दांडा मारत राहायचं, समुद्राचं पाणी आत येतं आणि सगळं टाकीत जातं. पण खारं पाणी आणि लघवी यांचं मिळून नळीच्या आत चुनखडीसारखं कीट बसत जातं, आणि दीड इंची नळी बघता बघता करंगळीएवढी होते. मग नळी काढायची, पाँटूनवर न्यायची आणि दोन्ही हातांनी धरून आपटायची. आतून पांढऱ्या खपल्या पडतात. येणारे-जाणारे नाक दाबतात, पण मान आदराने हलवतात. उद्या त्यांची पाळी असते.

वासावरूनच हिंगाचंही एक प्रकरण झालं. मी वरणाला फोडणी दिली, वरची झडप उघडी होती, आणि वारा जर्मनांच्या दिशेला होता. पाच मिनिटांत ते जोडपं आपल्या बोटीची फरशी उचलून टाकी कुठे गळते ते टॉर्चने शोधू लागलं. टाकी गळत नव्हती. तेवढ्यात आमच्या कुकरची शिटी झाली. युरोपातले कुकर गुपचूप शिजवतात, शिटी मारत नाहीत. पलीकडचे एकटेच राहणारे इंग्रज आजोबा आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन पाँटूनवर हजर. मी सांगितलं, डाळ आहे. त्यांनी विचारलं, अजून किती वेळा वाजेल? मी म्हटलं, दोनदा. मग ते तिथेच उभे राहिले आणि दोन्ही शिट्या मोजूनच परत गेले. आता ते बुधवारी जेवायलाच येतात. प्रेशर कुकर ही मात्र बोटीवरची सगळ्यात शहाणी वस्तू. गॅस वाचतो, झाकण पक्कं बसतं, लाटांमध्ये कुकर कलंडला तरी भात जमिनीवर येत नाही. इथे गॅसचा निळा सिलिंडर पावणेतीन किलोचा, त्यामुळे गॅस वाचवण्याला अर्थ आहे.

धान्य कुठे ठेवता, असं माझी जाऊ विचारते. तांदूळ हवा असेल तर गादी उचलायची. गादीखाली फळी, फळीखाली जादा अल्टरनेटर, अल्टरनेटरखाली तांदूळ. डबाबंद वस्तू तळाशी, जिथे ओल असते. तिथे डब्यांवरचे कागद सुटतात आणि नेमके पाणी उपसायच्या पंपात जाऊन बसतात, म्हणून कागद आधीच सोलून मार्करने नावं लिहायची. चीफनी ‘टो’ एवढंच लिहून ठेवलेला डबा टोमॅटोचा आहे एवढी खात्री होती. उघडला तर मासा निघाला. ‘टो’ म्हणजे टोळमासा, म्हणे. स्पेनमध्ये टोळमासा डब्यात मिळतो का, असं मी विचारलं, तर म्हणाले, “मासा तर आहे ना!” टुना होता. मराठी नावं शोधायचा उत्साह त्यांना निवृत्तीनंतरच आला आहे.

एक गोष्ट मात्र इथे मला पहिल्या दिवसापासून घरच्यासारखी वाटली. चपला बाहेर! डेकवर वाळू नको, काळे डाग नकोत म्हणून झाडून सगळे गोरे बूट काढून पाँटूनवरच्या टोपलीत ठेवतात. आणि विचारल्याशिवाय कोणी कोणाच्या बोटीवर पाय ठेवत नाही. बाहेर उभं राहून टकटक करायची, नावाने हाक मारायची आणि “या” म्हणेपर्यंत थांबायचं. आमच्या सोसायटीत हे सुरू करावं असं मी सेक्रेटरींना लिहिणार आहे.

आम्ही डाव्या बाजूला तिरंगा लावतो. उजवीकडे यजमान देशाचा झेंडा, म्हणून स्पेनचा. एक फ्रेंच पोरगा रोज थांबून विचारायचा, “नायजर?” नायजरचा झेंडाही केशरी-पांढरा-हिरवाच, मध्ये गोल. मी चक्राचे आरे मोजायला लावले. चोवीस मोजून झाल्यावर त्याने विचारलं, मग तुमच्या देशात शिडाच्या बोटी असतात का? यावर चीफनी त्याला जवळ बसवून घेतलं. गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली ‘म्हादेई’, तिच्यावरून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय कमांडर दिलीप दोंदे, सगळं हातवारे करून सांगितलं. पोरगा हरखला. मी आतून ऐकत होते. दोंद्यांनी वाटेत चारच बंदरं घेतली आणि जग पालथं घातलं. आमचे चीफ एकाच बंदरात पालथे आहेत.

कारण पार्ट. समुद्राचं पाणी खेचून इंजीन गार ठेवणारा पंप गळतोय, त्याचा शाफ्ट झिजलाय. मागवलेला पहिला शाफ्ट दोन मिलिमीटरने आखूड निघाला. दुसरा कस्टम्समध्ये आहे, कारण कनारी बेटं स्पेनची असली तरी युरोपच्या व्हॅटच्या हद्दीबाहेर, त्यामुळे माद्रिदहून आलेल्या पुडक्यालाही परदेशी मालासारखी कागदपत्रं लागतात. कधी निघायचं असं विचारलं की चीफ म्हणतात, १४९२ मध्ये कोलंबससुद्धा ‘पिंता’चं सुकाणू दुरुस्त करायला याच बेटावर थांबला होता. थांबला होता. पण ऑगस्टात आला आणि ६ सप्टेंबरला कनारी बेटं सोडून निघालासुद्धा. त्याचा सुतार बोटीवरच होता.

आणि आता नोव्हेंबर. अटलांटिक ओलांडणाऱ्या रॅलीचा महिना. जिमी कॉर्नेलने १९८६ मध्ये सुरू केली, पहिल्याच वर्षी २०४ बोटी. आता ती इथून सेंट लुशियाला जाते, २७०० समुद्री मैल, साधारण तीन आठवडे. तिकडचा वादळांचा हंगाम संपत आलेला आणि व्यापारी वारे बसू लागलेले, म्हणून हाच मुहूर्त. सगळ्या पाँटूनवर लग्नघर झालंय. ट्रॉल्यांवर ट्रॉल्या येतात. पुठ्ठ्याचं एकही खोकं बोटीवर चढत नाही, कारण त्यात झुरळांची अंडी असतात. बायका टोमॅटो एकेक धुऊन, पुसून, जाळीत ठेवतात. मागच्या बाजूला हिरव्या केळ्यांचे अख्खे घड टांगतात, आणि ते सगळे एकाच दिवशी पिकतात. जर्मन बाईंना मी केळ्याच्या घाऱ्या आणि शिकरण लिहून दिलं आहे. शुक्रवारी निघायचं नाही, हे मात्र सगळ्यांना पाठ. आपल्या कोळ्यांची नारळी पौर्णिमा मी सांगितली, तर दोन बोटींनी बाजारातून नारळ आणले. फोडायचा की सोडायचा, यावर वाद चालू आहे.

आम्ही रॅलीत नाही. आम्हाला केप व्हर्डेपर्यंत जायचं आहे, आणि तेही हौसेने नव्हे. युरोपचा कायदा असा, की बाहेरच्या देशाची बोट कर न भरता अठरा महिने राहू शकते, पण तिचा भारतीय मालक १८० दिवसांत नव्वदच दिवस. म्हणजे बोटीचा मुक्काम कायदेशीर आणि आमचा बेकायदा, अशी वेळ जवळ येते आहे. हा शेंगेनचा नियम केप व्हर्डेला लागू नाही, तिथे गेलो की सुटलो. पार्ट नाही आला तर बोट इथे ठेवून विमानाने ठाणे, आणि दर महिन्याला रिकाम्या बोटीचं भाडं.

तेवढ्यात भाच्याने वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात तोच शाफ्ट लेथवर करून घेतला. मापाला अचूक, स्टेनलेस स्टीलचा, आणि त्याने सांगितलेली किंमत ऐकून चीफ बराच वेळ बोलले नाहीत. तो आता ठाण्यात भाच्याच्या कपाटात आहे. तेव्हा डिसेंबरच्या आत तुमच्यापैकी कोणी, किंवा तुमच्या ओळखीतलं कोणी, लास पाल्मासला येणार असेल तर कृपया कळवा. वजन पाव किलोसुद्धा नाही. चेक-इन बॅगेत कुठेही मावेल. येताना कुरिअर कंपनीसारखं काही विचारू नका, जेवायलाच या, फक्त मोठी कडक सूटकेस आणू नका, ती ठेवायला आमच्याकडे जागा नाही.