रिकार्डो मानवतच्या मोंढ्यात

परभणीत एम.ए. अर्थशास्त्राला आंतरराष्ट्रीय व्यापाराचा पेपर असतो आणि तो, जगात सगळीकडे होतो तसा, पोर्तुगालपासून सुरू होतो. डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली हिशेब मांडला: पोर्तुगालला कापडासाठी ९० माणसं लागतात, द्राक्षाच्या दारूसाठी ८०, इंग्लंडला १०० आणि १२०. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरी त्याने दारूच करावी, कापड इंग्रजाकडून घ्यावं, भलं दोघांचंही. जिंतूर, पाथरी, सोनपेठहून एसटीने आलेली पोरं हे मुकाट उतरवून घेतात. मग गृहीतकं येतात. वाहतूक खर्च शून्य! मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, हा माणूस मानवतच्या बाजारात कापूस घेऊन आलाच नाही कधी."

श्रम देशांतर्गत मुक्तपणे फिरतो, हे गृहीतक मात्र सगळ्यांना पटतं. पनवेल गाडीचा, कामाला निघालेल्यांनी भरलेला जनरल डबा पाहिलेल्याला ते सिद्ध करून दाखवावं लागत नाही.

खरी तोंडी परीक्षा घरी, जेवताना होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारताच्या बऱ्याच मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. कापडवाले अडचणीत आले, त्यांना रुई स्वस्त मिळावी म्हणून केंद्राने कापसावरचा ११ टक्के आयात कर माफ केला. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. इकडे बोंडं अजून फुटायची होती.

"कर लावला त्यांनी कापडावर, मंग आपल्या कापसाचा काय संबंध?" वडील विचारतात.

पोरगा वहीवर मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढतो. आयात वाढते, भाव उतरतो, ग्राहकाचा फायदा होतो.

"ग्राहक म्हंजे कोण?"

"आपणच की."

"अन् ज्याचा तोटा झाला तो?"

"तो... उत्पादक."

"म्हंजे?"

पोरगा भाकरीकडे बघतो. आकृतीत उत्पादकाच्या वाट्याचा जो तुकडा नाहीसा होतो, तो ह्याच घरातला असतो.

हमीभाव आहे म्हणा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये होता. पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की सीसीआयचं, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचं, केंद्र माल घेत नाही. जाडजूड पाठ्यपुस्तकात ओलाव्यावर एक ओळ नाही, आणि परतीच्या पावसावर तर नाहीच.

अमेरिकेने शिंकावं आणि इथे भावाला पडसं व्हावं, हे तसं जुनं आहे. १८६१ ला तिकडे यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, इथल्या कापसाला मागणी आली, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ ला युद्ध थांबलं आणि पेढ्या बुडाल्या.

आपल्या डोळ्यांदेखतची गोष्ट त्याहून मजेची. २०२१-२२ ला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला. पुढच्या हंगामात लोकांनी तेवढ्याच भावाची वाट बघत कापूस घरात साठवला. पुढची खोली आढ्यापर्यंत भरली, माणसं ओसरीवर आली, अंगाला खाज सुटली, आणि भाव काही फिरकला नाही. प्राध्यापक ह्याला अपेक्षांचा सिद्धान्त म्हणतात. घरातल्या बायका जे म्हणतात, ते उत्तरपत्रिकेत लिहिता येत नाही.

"मंग विकू का ठेवू?" वडिलांचा शेवटचा प्रश्न.

पोरगा मोबाईलवर न्यूयॉर्कचा वायदा बघतो, पौंडाला सेंटवरून क्विंटलला रुपये काढतो, सरकीचा भाव मिळवतो. हिशेब बरोबर येतो. पण बी-बियाणं आणि खत उधारीवर आणलेलं असतं, आणि दिवाळी सरली की कृषी केंद्रवाल्याचा फोन येतो. तो न्यूयॉर्कचं काहीच विचारत नाही.