पट्टीवाले

ससून डॉकवर पहाटे लिलावाचा गलका चालू असताना पापलेटच्या टोपलीसमोर कोणी उकिडवा बसलेला दिसला, तर तो गिऱ्हाईक नाही हे ओळखावं. गिऱ्हाईक कल्ले उघडून बघतं, हा शेपटीची खाच बघतो. पट्टीने घेतलेलं नाकापासून त्या खाचेपर्यंतचं माप ओल्या वहीत पेन्सिलीने उतरलं की पुढचा मासा. टोपलीवाली वैतागून म्हणते, "मास्तर, मोजून मोजून शिळा कराल!" मास्तरांना ऐकू येत नाही.

आमच्या बिल्डिंगीत या मास्तरांना पट्टीवाले म्हणतात. समुद्रात पापलेट किती उरलंय आणि त्यातलं किती पकडलं तर पुढेही मिळत राहील, हे समुद्रात न उतरता सांगायचं हा त्यांचा व्यवसाय. बर्टालान्फी आणि पॉली ही दोन नावं त्यांच्या तोंडी इतक्या आपुलकीने येतात, की त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, बरेच दिवस ते ऑफिसातले सहकारीच वाटत होते. प्रत्यक्षात एकाने १९३८ साली वाढीचं समीकरण मांडलं. दुसऱ्याने १९८० मध्ये मासा किती भराभर वाढतो, कमाल किती लांब होतो आणि पाण्याचं तापमान काय, एवढ्यावरून तो आपल्या मरणाने मरण्याचा दर काढायचं सूत्र दिलं. मग एकूण मरणांतून हे नैसर्गिक मरण वजा करायचं, उरलं ते आपल्या जाळ्याचं पाप.

हा हिशेब ते कुठेही लावतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत शिलकीचा विषय निघाला तेव्हा पट्टीवाले उभे राहिले. "गच्चीची गळती हा नैसर्गिक मृत्यू. चहापाण्याचा खर्च ही मासेमारी. एकूण मृत्यूत मासेमारी निम्म्याच्या वर गेली की साठा धोक्यात समजा." सेक्रेटरी त्यांच्याशी गणपतीपर्यंत बोलले नाहीत.

त्यांच्याकडून एक आकडा कधी मिळत नाही. "जेवायला किती जण?" काकू विचारतात. "सात ते बारा." "म्हणजे नऊ धरू?" "धर. पण ते गृहीतक आहे हे विसरू नकोस." शिवाय गेल्या वर्षी समुद्रात किती मासळी होती याचं उत्तरही यंदा बदललेलं असतं, कारण नवी मापं आली की मागचीही गणितं हलतात. ज्याचा भूतकाळही पक्का नाही, अशा माणसाबरोबर काकूंनी संसार केला आहे.

जेवताना त्यांच्या ताटाकडे बघू नये. घोळीच्या डोक्यातून ते कानातले खडे अलगद काढून ताटाच्या कडेला मांडतात. थंड समुद्रातल्या माशाच्या खड्यावर वर्षाचं एकेक वलय स्पष्ट उमटतं. आपल्याकडे कडक हिवाळा नाही, त्यामुळे वलयं पुसट आणि वयाचा वाद कायम. म्हणून तर वयाऐवजी लांबी, म्हणून तर पट्टी! गाभोळी निघाली की ती तव्यावर जाण्याआधी त्यांच्या बोटाखाली जाते. "अंडी पिकण्याची चौथी अवस्था," ते हळहळतात, वहीत लिहितात, आणि मग तळलेल्या दोन फोडी मागून घेतात.

तांडेलाशी त्यांचं भांडण मात्र ऐकण्यासारखं. तांडेल म्हणतो, टोपल्या भरल्यात, मासळी कुठे कमी झाली? पट्टीवाले विचारतात, "किती दिवस बाहेर होतात? इंजिन किती सिलिंडरचं? पूर्वी हीच टोपली किती वेळात भरायची?" पकड भागिले मेहनत. तांडेल उत्तर टाळतो, कारण डिझेलचा हिशेब त्यालाही ठाऊक असतो.

पण हा भागाकारसुद्धा फसवतो हे सांगताना पट्टीवाल्यांचा आवाज उतरतो. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा कॉड घटत होता, पण उरलेले मासे एकत्र गोळा होत राहिले. ट्रॉलरवाल्यांना ते नेमके सापडायचे आणि पकड चांगली दिसायची. शास्त्रज्ञांचे अंदाजही त्यामुळे फुगले. १९९२ च्या जुलैत मासेमारी बंद करावी लागली आणि तीसेक हजार लोकांचं काम गेलं. ही गोष्ट त्यांनी बारशापासून तेराव्यापर्यंत सगळीकडे सांगितलेली आहे. तरी ती सांगताना ते चेष्टा करत नाहीत आणि आम्हीही करत नाही. एरवी प्रत्येक आकड्यापुढे 'ते' लावणारा हा माणूस भित्रा का वाटत नाही, ते तेव्हा कळतं.

जून-जुलैच्या बंदीत मात्र घरच्यांचे हाल. बंदर ओस, मोजायला मासा नाही, आणि रात्रभर लॅपटॉपचा पंखा घरघरत असतो. मॉडेल जुळलं नाही की सकाळी चहात साखर कमी वाटते.

२०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला तेव्हा त्यांनी मजल्यामजल्यावर पेढे वाटले. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या मासळीला किमान मापं ठरवून दिली आणि पेढेवाला हात पुन्हा पट्टीकडे गेला. आता जिन्यात ते आमच्या पिशवीत डोकावतात. छोटं पापलेट दिसलं तर रागावत नाहीत, फक्त "अजून एकदाही अंडी घातली नसतील हिने" एवढंच म्हणून वर निघून जातात. त्या दिवशी कालवण गोड लागत नाही.

तेव्हा त्यांना जिन्यात गाठलंत तर समुद्रात किती मासे उरले हे विचारू नका, ऑफिसची लोकल चुकेल. पापलेट घ्याल ते मात्र मोठं घ्या, आणि पिशवी उघडी ठेवा.