पोच मिळाली, निकाल कुठाय?

आमच्या सोसायटीत इमारतीचा रंग हात वर करून ठरतो. हात मोजणारा कोणत्या गटाचा, यावरून मग दुसरी सभा भरते. यंदा सेक्रेटरींनी कुठलासा व्हिडिओ पाहून जाहीर केलं, की मतदान ब्लॉकचेनवर घ्यायचं. मध्ये माणूसच नसला तर भांडण कोणाशी करणार? मी जावास्क्रिप्टवर पोट भरतो, हे लिफ्टमध्ये कधीतरी बोलून गेलो होतो. ठराव एकमताने मंजूर झाला. ज्या कामाचे पैसे द्यायचे नसतात, त्याचे ठराव आमच्याकडे एकमतानेच होतात.

देखरेखीला खजिनदारकाका. काका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. पासबुक भरून आणायला अजून स्वतः बँकेत जातात. त्यांना स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट समजावायचं, या कल्पनेनंच मला घाम फुटला होता.

"काका, हा एक प्रोग्रॅम असतो," मी सुरुवात केली. "इथेरियम नावाची साखळी २०१५ पासून चालू आहे, तिच्यावर तो ठेवायचा. जगभरातले हजारो संगणक तोच प्रोग्रॅम चालवून हिशेब ताडून बघतात. नियमात बसलं तर काम होतं, नाही तर नाही. ओळख चालत नाही, वशिला चालत नाही. मधला कारकूनच गेला म्हणा ना."

काकांनी बशीतला चहा संपवला. "गेला कुठं? तोच तर राहिला. साहेब गेलेत."

या कारकुनाशी माणसासारखं बोलायची सोय नाही. टोकन पाठवायचं 'ट्रान्सफर' हे फंक्शन घ्या. ट्रान्सफर असं लिहून त्याला काही कळत नाही. फंक्शनचं नाव आणि कंसातले डेटाचे प्रकार, मध्ये एकही मोकळी जागा न सोडता, केचॅक नावाच्या गणितातून काढायचे आणि उत्तराचे पहिले चार बाइट घ्यायचे: ए९०५९सीबीबी. त्यापुढे कोणाला आणि किती, हे प्रत्येकी ३२ बाइटांत, उरलेली जागा शून्यांनी भरून. हे हातानं लिहिणारे लोक जगात असतील, त्यांना नमस्कार. आम्ही इथर्स जेएस वापरतो. रिचर्ड मूर यांनी २०१६ मध्ये सुरू केलेली ही जावास्क्रिप्टची लायब्ररी. तिला कॉन्ट्रॅक्टचा पत्ता द्यायचा, कोणतं फंक्शन काय मागतं याची यादी, म्हणजे एबीआय, द्यायची आणि सही करणारं खातं जोडायचं. मग आपण साध्या जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनचं नाव घेऊन हाक मारायची; तो हेक्समधला गिचमिड मजकूर ती भरते. सवयीनं मध्ये मोकळी जागा सोडली असली, तर न बोलता काढूनही टाकते.

"एबीआय म्हणजे विहित नमुना," काका म्हणाले. "आणि ही तुझी लायब्ररी म्हणजे कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला अर्जनवीस. पैसे किती घेतो?"

"काही नाही. फुकट आहे."

"मग जपून रे बाबा."

पैसे कारकून घेतो. साखळीवरचं वाचणं फुकट, पण एक अक्षर जरी लिहायचं म्हटलं तरी गॅस लागतो. नुसते इथर, म्हणजे या साखळीचं चलन, एका खात्यातून दुसऱ्यात टाकायला २१ हजार एकक गॅस. कॉन्ट्रॅक्टला काम सांगितलं की त्याहून जास्त. आणि व्यवहार साखळीवर पोचून तिथं नामंजूर झाला, तरी तोवर जळलेला गॅस गेला तो गेलाच. इथर्स बिचारी आधी अंदाज घेऊन बघते आणि फसणार असं दिसलं तर पाठवण्याआधीच अडवते: 'एक्झिक्यूशन रिव्हर्टेड'. का, ते पुष्कळदा लिहिलेलं नसतं. अर्ज त्रुटीत, त्रुटी कोणती ते तुम्ही शोधा. हे पाहून काकांचा चेहरा असा खुलला, की माहेरचं माणूस भेटलं असावं.

ही फी मोजायची वेईमध्ये, आणि इथे जावास्क्रिप्टची खरी पंचाईत होते. एका इथरचे वेई म्हणजे एकावर १८ शून्यं. भास्कराचार्यांच्या लीलावतीतली संख्यानामांची यादी परार्धाला, एकावर १७ शून्यांना, थांबते. म्हणजे एक इथर हे दहा परार्ध वेई. जावास्क्रिप्ट ही ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये दहा दिवसांत उभी केलेली भाषा. तिला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा, ०.३ च्या शेपटीला पंधरा शून्यं आणि एक चार लावून देते. तिचा साधा पूर्णांक ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ इथवरच भरवशाचा. पुढचे आकडे ती मनानं लिहायला लागते. एवढे वेई म्हणजे जेमतेम ०.००९ इथर. म्हणून इथर्सनं आधी मोठ्या आकड्यांसाठी स्वतःची वेगळी सोय केली होती आणि २०२३ मध्ये सहाव्या आवृत्तीत ती मोडून भाषेतला बिगइंट घेतला. बिगइंटमध्ये साधा आकडा मिसळला, की प्रोग्रॅम जागच्या जागी थांबतो. मला हा जाच वाटायचा. काकांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही. "एका रकान्यात दोन तऱ्हेचे आकडे? आम्ही पानच फाडायला लावायचो."

खरे पैसे जाळायला सोसायटी तयार नव्हती, तेव्हा सरावाच्या साखळ्या शोधल्या. इथेरियमच्या मंडळींना रेल्वे स्टेशनांचं भारी वेड. रॉप्स्टेन आणि रिंकबी ही स्टॉकहोमची, गोर्ली बर्लिनचं, सेपोलिया अथेन्सचं. २०२५ मध्ये आलेली हूडी चक्क बंगळुरूच्या मेट्रोची. "आपलं एकही नाही?" काकांनी विचारलं. होतं की. पॉलिगॉन ही इथेरियमला जोडलेली दुसरी साखळी; तिच्या सरावाच्या साखळीचं नावच 'मुंबई' होतं. पण तिचा पाया गोर्लीवर, गोर्ली आटोपली तशी एप्रिल २०२४ मध्ये मुंबई बंद पडली. मुंबई बंद पोलीस बंदोबस्ताशिवाय पार पडल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण. पॉलिगॉनचं नाव ऐकून काका सावरून बसले. गडचिरोलीत एटापल्लीला २०२२ साली जातीचे दाखले याच पॉलिगॉनवर नोंदवायचा उपक्रम झाला होता, हे त्यांना माझ्याआधी ठाऊक. "आमचं खातं," ते म्हणाले, आणि पुढे काही बोलायची त्यांना गरज वाटली नाही.

आम्ही सेपोलिया घेतली. चाचणीचं पहिलं मत मी काकांच्या समोर पाठवलं. पडद्यावर लगेच शून्य, एक्स आणि पुढे ६४ अक्षरं उमटली.

"झालं," मी म्हणालो.

"ही पोच झाली. निकाल कुठाय?"

बरोबर होतं त्यांचं. तो व्यवहाराचा हॅश, म्हणजे नुसता आवक क्रमांक. व्यवहारांचा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, दर १२ सेकंदांनी येतो. आपला व्यवहार त्यात बसला की पावती येते, आणि ती मंजूर की नामंजूर हे पावतीतच कळतं. इथर्समध्ये त्यासाठी 'वेट' म्हणून वेगळं फंक्शन आहे, थांबा असंच सांगणारं. भलेभले प्रोग्रॅमर हॅश मिळाल्यावर पेढे वाटतात. शिवाय एका खात्याचे व्यवहार क्रमानंच निघतात. मागचा अडकला तर पुढचे सगळे रांगेत. याला नॉन्स म्हणतात, हे मी सांगायच्या आतच काका म्हणाले, "मागची फाइल निघाल्याशिवाय पुढची हलायची नाही, हेच ना?"

एका गोष्टीनं मात्र ते अस्वस्थ होते. "मोठ्या लोकांचे पैसे अडकले तर काय करतात?" मग मला इथेरियमवरच्या डीएओ नावाच्या सामायिक निधीची २०१६ ची कथा सांगावी लागली. कॉन्ट्रॅक्टमधल्या एका फटीतून कोणीतरी ३६ लाख इथर वळते करून घेतले. प्रोग्रॅम हाच कायदा म्हणणाऱ्यांत दोन तट पडले आणि जुलैमध्ये बहुतेकांनी साखळीच फिरवून पैसे परत मिळवले. न फिरवणारे जुन्या साखळीवर राहिले, ती इथेरियम क्लासिक.

काकांनी समाधानानं मान डोलावली. "म्हणजे वर मंत्रालय आहे. मला वाटलंच."

मतदान सुरळीत झालं. प्रत्येक फ्लॅटला एक खातं, आणि कोणतं खातं कोणत्या फ्लॅटचं याची यादी काकांच्या आग्रहावरून सूचना फलकावर. मतं कोणालाही पाहता येतील, हेही त्याच कागदावर ठळक छापलं होतं; सूचना फलक वाचणारा सदस्य अजून आमच्याकडे राहायला यायचा आहे. अबोली आणि पिस्ता यांत पिस्ता एका मतानं जिंकला. रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजच्या पोरानं साखळीवरचे व्यवहार दाखवणाऱ्या एक्सप्लोररवर खाती आणि यादी जुळवली, आणि सकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं, की अबोली गटाचे म्होरके असलेल्या सेक्रेटरींच्या फ्लॅटचं मत पिस्त्याला गेलंय. मोबाइल त्या वेळी वहिनींच्या हातात होता, असं ते आजही सांगतात.

ते तडक माझ्याकडे आले. "ते माझं मत काढून टाक आधी."

मी काकांकडे पाहिलं. काकांनी चष्मा पुसला, घातला आणि सेक्रेटरींना बसायला खुर्ची दिली.

"काढता येत नाही. ही साखळी बंद पडेपर्यंत नोंद राहणार. हरकत असेल तर विहित नमुन्यात अर्ज करा," ते म्हणाले. "स्टॅम्प परत मिळणार नाही."