प्रथाप्रवर्तक

अमेरिकेत गेल्यावर कुणी मंडळ काढतो, कुणी ढोलपथक काढतो. एडिसनचे आमचे दादा प्रथा काढतात.

याच दादांनी साताऱ्याच्या घरी सोवळं नेसायला नकार दिला होता. जानवं खुंटीला लावलं होतं, आणि "तुमच्या रूढी तुम्हालाच लखलाभ" असं वडिलांना ऐकवून विमान गाठलं होतं. पुढे न्यू जर्सीत घर झालं, मुलं शाळेत जाऊ लागली. एके दिवशी मुलगी वही घेऊन आली. थँक्सगिव्हिंगला तुमच्या घरी कुठल्या परंपरा पाळतात, यावर निबंध लिहायचा होता. दादा गप्प. रूढी मोडण्याचा अनुभव दांडगा होता, पण निबंधापुरती एकसुद्धा शिल्लक ठेवलेली नव्हती.

मग सपाटा सुरू झाला. दादांच्या घरी प्रथा जन्माला येते ती अशी: पहिल्या वर्षी काहीतरी चुकून घडतं, दुसऱ्या वर्षी ते दादांना आठवतं आणि तिसऱ्या वर्षी झालं नाही तर ते रुसून बसतात. पहिल्या थँक्सगिव्हिंगला त्यांनी अठरा पौंडांची टर्की बुधवारी रात्री फ्रीझरमधून काढली. एवढा पक्षी फ्रिजमध्ये ठेवून नरम व्हायला चार दिवस लागतात, हे गुरुवारी दुपारी कळलं. तोवर सुरी लावली की टणत्कार होत होता. शेवटी रात्री दहाला वहिनींनी पावभाजी केली. आता टर्की शनिवारीच खाली उतरते. दादा तिच्या मांडीत थर्मामीटर खुपसून 165 अंश फॅरनहाइटची वाट बघत ओव्हनसमोर स्टूल टाकून बसतात. पाचला सगळे तट्ट जेवतात, आणि तरीही रात्री दहाला पावभाजी होतेच.

"अहो, भूक नाहीये कुणाला," वहिनी म्हणतात.

"गणपतीला भूक आहे का, विचारून मोदक करतेस का?" ज्या माणसाने आरतीच्या वेळी हटकून बाहेर फिरायला जावं, तो हे विचारतो.

सकाळी मेसीजची मिरवणूक टीव्हीवर बघायची, तीही पायजम्यातच. कुणी आंघोळ करून आलं तर दादांना ते विटाळल्यासारखं वाटतं. फरसबीचं कॅसरोल सक्तीचं, कारण ते 1955 साली न्यू जर्सीतच, कॅमडेनला, कॅम्पबेल सूपच्या स्वयंपाकघरात जन्माला आलं. म्हणजे दादांच्या हिशेबी ग्रामदैवत. वहिनींनी एकदा त्यावर हिंग-मोहरीची फोडणी ओतली. तेव्हा दादा चिडले होते. आता फोडणीशिवाय चालत नाही.

जेवणाआधी कथा. दादा उभे राहून सांगतात, बाकीचे क्रॅनबेरीच्या डब्यातून निघालेल्या, डब्याच्या वळ्या अंगावर घेऊन थरथरणाऱ्या त्या लाल जेलीकडे बघत ऐकतात. 1621 साली प्लिमथला वसाहतवाल्यांचं पीक आलं. तिथल्या मूळ रहिवासी वाम्पनोआगांचा प्रमुख मॅसासोइट नव्वद माणसं घेऊन आला, त्यांनी पाच हरणं आणली, तीन दिवस मेजवानी चालली. एका वर्षी साताऱ्याहून आई आल्या होत्या. त्यांनी मधेच विचारलं, "घरच्या बायका किती होत्या रे?"

"पहिल्या हिवाळ्यात बऱ्याच गेल्या, आई. जाणत्या अशा चारच उरल्या होत्या."

"नव्वद पाहुणे, तीन दिवस आणि चार बायका? मग आभार कुणाचे मानता तुम्ही?"

दादांनी घाईघाईने लिंकनचं थँक्सगिव्हिंगबद्दलचं 1863चं फर्मान काढलं, पण कथा काही पुन्हा रंगली नाही.

खरा कठीण विधी त्यानंतरचा. प्रत्येकाने एकेकाचे आभार मानायचे. आपल्या माणसांना हे जमत नाही. सासऱ्यांच्या तोंडावर जावई काय बोलणार? एक काका "सगळं ठीक चाललंय, वाढा आता" म्हणून मोकळे होतात. वहिनी दरवर्षी डिशवॉशरचे आभार मानतात. दादा दरवर्षी आशेने ऐकतात.

मुलाचं लग्न झालं आणि प्रथांवर घाला आला. सूनबाईंच्या माहेरी, पेन्सिल्व्हेनियात, गुरुवारी तीस माणसांची पंगत असते. मुलाने भीत भीत सांगितलं. दादांनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी शास्त्राधार घेऊनच खाली आले. 1939 साली नोव्हेंबरात पाच गुरुवार आले होते. नाताळच्या खरेदीला दिवस मिळावेत म्हणून रूझवेल्टने थँक्सगिव्हिंग एक आठवडा अलीकडे ओढलं. निम्म्या राज्यांनी ऐकलं, निम्म्यांनी नाही; शेवटी 1941 साली काँग्रेसने चौथा गुरुवार कायद्याने पक्का केला.

"रूझवेल्ट आठवडा हलवू शकतो, तर मी दोन दिवस हलवतो. आपलं शनिवारी!" दादांनी निकाल दिला.

मुलाचा चेहरा खुलला. गुरुवारी रिकाम्या घरात आपण काहीतरी साधं खाऊ, असं वहिनी म्हणणार, इतक्यात दादांना पुढचं आठवलं.

"टेक्सासने मात्र त्या वर्षी दोन्ही गुरुवार पाळले होते बरं का."

वहिनींनी मुकाट्याने यादीत दुसरी टर्की लिहिली आणि पावाच्या लाद्या दुप्पट केल्या.