जिंकल्याचे भोग

बांधाकडच्या अकरा गुंठ्यांचा दावा काकांनी जिंकला आणि गावात पेढे वाटले. पेढा तोंडात असतानाच वकीलसाहेब म्हणाले, "आता खरी सुरुवात." काकांना वाटलं, फी वाढवायची ही प्रस्तावना. पण वकिलांच्या पाठीशी थेट प्रिव्ही कौन्सिल होती. भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती पडल्यावर सुरू होतात, असं तिनं १८७२ सालीच म्हणून ठेवलंय. एवढ्या वर्षांत त्या निरीक्षणावर कुणाला स्टे मिळालेला नाही.

कब्जा हवा तर पुन्हा दरखास्त. ती द्यायला कायद्यानं बारा वर्षांची मुदत आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा असं बजावलं, ते कात्रण काका पाकिटात बाळगून असतात. आमची दरखास्त मात्र वर्तमानपत्र वाचत नसावी.

तिकडे समोरच्या पार्टीनं, म्हणजे काकांच्या पुतण्यानं, आमच्या दादानं, अपील ठोकलं. नुसत्या अपिलानं अंमलबजावणी थांबत नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ४१, नियम ५ मध्ये स्वच्छ छापलंय. भारी नुकसान होईल हे दाखवावं लागतं, तारण द्यावं लागतं. दादानं अर्जात लिहिलं, 'माझा उदरनिर्वाह याच जमिनीवर आहे.' दादाचं शहरात फर्निचरचं दुकान आहे. जमिनीवर आहेत बाभळी.

कब्जा वॉरंट घेऊन बेलिफ आला, तोही आमच्याच मोटारसायकलवरून. दोन पंच उभे केले. बेलिफानं पेनाचं टोपण दातात धरलं, पंचनाम्याचा कागद सीटवर पसरला, तारीख घातली आणि तेवढ्यात बांधावरून दादा पळत आला. "साहेब, थांबा! स्टे झालाय!"

ऑर्डरचा फोटो मोबाइलवर होता, पण उन्हात काचेवर काही दिसेना. बेलिफ, पंच, दादा, सगळे वाकले. शेवटी काकांनीच छत्री उघडून सावली धरली आणि स्वतःविरुद्धची ऑर्डर सगळ्यांना नीट वाचता येईल अशी सोय केली. 'पुढील तारखेपर्यंत' एवढं दिसलं. बेलिफानं वकिलाला फोन लावून खातरी केली, टोपण लावलं आणि कुणाकडे चहा आहे याची चौकशी केली.

"पुढची तारीख कधी रे?" काकांनी विचारलं.

"मंगळवारी. मी गाडी काढतोय काका, एसटीनं कशाला धक्के खाता?"

"डिझेल निम्मं निम्मं," काका म्हणाले, "आणि एसी लावायचा नाही. माझे गुडघे धरतात."